उजव्या सोंडेची छपाई

यंदाची ढाल अंधेरीला येणार, हे श्यामकांत नाबरांनी स्पर्धेचं पत्रक हाती पडायच्या आधीच जाहीर करून टाकलं. जाहीर केलं ते रविवारी, जेवणाच्या पाटावर, बायकोसमोर. आणि मुख्य म्हणजे बायकोच्या थोरल्या भावासमोर.

या थोरल्या भावाला सगळे भाऊच म्हणत. गिरगावात त्यांचा मोठा छापखाना होता आणि त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर कलामुद्रक संघाची ढाल गेली दोन वर्षं लटकत होती. रंगीत चित्राच्या सर्वोत्तम छपाईसाठी संघ दर वर्षी ती ढाल देई. भाऊ ती रोज सकाळी स्वतःच्या पंच्याने पुसत, असं त्यांच्याच घरचे सांगत.

"अंधेरीत छापखाने आहेत, हे संघाला ठाऊक आहे का?" सुरमईचा काटा काढता काढता भाऊंनी विचारलं.

"यंदा ठाऊक होईल," नाबर म्हणाले.

"श्यामराव, तुमचं ते लग्नपत्रिकांचं दुकान छान चाललंय. कशाला नसता उपद्व्याप?"

नाबरांना खुपत होतं ते हेच. पत्रिकांबरोबर ते तेलांची लेबलं छापत, उदबत्त्यांचे पुडे छापत, कॅलेंडरं छापत. पण सासुरवाडीला त्यांची ओळख करून देताना एकच वाक्य ठरलेलं होतं: 'हे आमचे जावई, तिकडे अंधेरीला काहीतरी छापतात.' या 'काहीतरी'चा काटा त्यांच्या घशात बारा वर्षं अडकला होता, आणि तो सुरमईचा नसल्यामुळे भाताच्या घासाने उतरतही नव्हता.

आणि यंदा त्यांच्यापाशी हुकमाचा पत्ता होता. त्यांनी नवं मशीन घेतलं होतं. नवं म्हणजे नाबरांना नवं. आधीच्या मालकाने ते पुरेसं वापरून, कंटाळून विकलं होतं. तरी अंधेरीत तसलं मशीन दुसरं नव्हतं.

आता हे मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ फुकट जायचा. नाबरांच्या छापखान्यात तोवर दगडावरून छपाई चाले. दगडावर खास खडूने चित्र काढायचं, त्याला शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. आरशात दिसावं तसं चित्र कागदावर उलटं उमटतं. म्हणून दगडावर काढतानाच ते उलटं काढावं लागतं. नव्या मशीनमध्ये दगड नव्हता, जस्ताचा पत्रा होता. पत्र्यावरचं चित्र आधी एका रबरावर उमटे आणि रबरावरून कागदावर येई. म्हणजे एकदा उलटं होऊन पुन्हा सुलटं. तेव्हा पत्र्यावर चित्र सरळच काढायचं.

हे सगळं मशीन विकणाऱ्या दलालाने नाबरांना नीट समजावून सांगितलं होतं. नाबरांनीही जाणत्या माणसासारखी मान डोलावली होती. त्या वेळी ते मनातल्या मनात ढालीसाठी भिंत निवडत होते.

स्पर्धेसाठी गणपती छापायचं ठरलं. दादरच्या एका चित्रकाराकडून नाबरांनी मोठ्या हौसेने चित्र करून घेतलं. नुसतं मुख होतं, मुकुटापासून गळ्यातल्या हारापर्यंत. या चित्रकाराला हात काढता येत नसत, त्यामुळे त्याचे सगळे देव गळ्यापाशी संपत. पण मुख असं होतं की बघणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. डोळे किंचित मिटलेले, कानांवर गुलाबी झाक, आणि सोंड घरोघरच्या गणपतीची असते तशी, डावीकडे वळलेली.

"खाली अक्षर नको," नाबरांनी बजावलं. "कंपनीचं नाव नको, तिथीवार नको. ही कला आहे."

तिथे चार अक्षरं असती तर पहिल्याच कागदावर ती उलटी उमटली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण कलेपुढे इलाज नसतो.

पत्रे काढायला बसला गुणाजी. गुणाजी मालवणचा. दगडावर चित्र उतरवण्यात त्याचा हात धरणारा सबंध उपनगरात कोणी नव्हता. शेजारी आरसा ठेवायचा, आरशात मूळ चित्र बघायचं आणि खडूने एकेक ठिपका देत ते दगडावर उलटं उतरवायचं, हे त्याने तीस वर्षं केलं. या वेळीही त्याने आरसा पुसला, चित्रासमोर ठेवला आणि कामाला लागला. आठ रंगांचे आठ पत्रे. त्यात महिना गेला.

नाबर रोज त्याच्या मागे उभे राहून बघत. पत्र्यावरची सोंड त्यांना उलट्या बाजूला दिसे आणि त्यांच्या जिवाला बरं वाटे. सारी उमर त्यांनी चित्रं उलटीच बघितली होती. सुलटी दिसली असती तरच ते दचकले असते.

छपाई मशीनवरच्या सहदेवने केली. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, असे एकेक रंग चढत गेले. प्रत्येक रंगाला नाबर डोळ्याला भिंग लावून कागदावर ओणवे होत. ठिपक्यावर ठिपका बसलाय का, कडा सरकली नाही ना, एवढंच बघत. भिंगातून ठिपका दिसतो, सोंड दिसत नाही.

शेवटचा रंग चढला तेव्हा सहदेवने मशीन बंद केलं आणि सगळे कागदाभोवती जमले. एवढं सुंदर काम त्या शेडमध्ये आजवर झालं नव्हतं. हारातल्या मोत्यांवर उजेड होता. सोंडेवरच्या सुरकुत्या बोटाला लागतील असं वाटत होतं.

"झकास, शेट," सहदेव म्हणाला.

नाबरांनी एक कागद गुंडाळला आणि दुपारच्या जेवणालाच घरी नेला. बायको, उत्तराबाई, ताटं मांडत होत्या. नाबरांनी कागद भिंतीशी धरून उलगडला आणि कौतुकाच्या तयारीने उभे राहिले.

उत्तराबाईंनी एक क्षण बघितलं. मग हातातली आमटीची पळी भांड्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाल्या, "अहो, सोंड उजवी आहे."

"कोणाची?"

"माझी. कोणाची म्हणजे काय? गणपतीची."

"काहीतरीच. चित्रात डावी आहे."

"चित्रात असेल. इथे उजवी आहे. त्यांचा उजवा हात कुठला, ते डोळ्यांपुढे आणा आणि बघा."

नाबरांनी मान वाकडी करून बघितलं. मग पाठ फिरवून स्वतःचा उजवा हात वर केला आणि खांद्यावरून वळून बघितलं. सोंड उजवी होती. त्याबरोबर दलालाचं बोलणं शब्दन् शब्द त्यांना आठवलं.

"म्हणजे तो रबराचा... अरे देवा."

"आधी ते खाली ठेवा. नको, खाली नको. पाटावर ठेवा. तुम्ही आंघोळ कधी केलीत?"

"सकाळी. पण काय बिघडलं? गणपती तो गणपती."

"उजव्या सोंडेचा कडक असतो हो. त्याला सोवळं लागतं, रोजचा नैवेद्य लागतो. जरा इकडचं तिकडे झालेलं खपत नाही. लोक घरात ठेवायला धजत नाहीत, आणि तुम्ही छापलेत! किती छापलेत?"

"शंभर."

उत्तराबाई पाटाशेजारीच बसल्या.

"बाकीचे कुठे आहेत?"

"प्रेसमध्ये. गठ्ठा बांधून ठेवलाय."

"कशावर?"

नाबरांना उत्तर येत होतं, पण ते त्यांनी दिलं नाही. गठ्ठा जमिनीवर होता, आणि त्याच्यावर सहदेवचा डबा होता.

त्या घरातला जेवणाचा बेत तिथल्या तिथे बदलला. तळून ठेवलेले बांगडे मोलकरणीबरोबर तिच्या घरी गेले. मासे खाणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या नाबरांनी बटाट्याच्या काचऱ्या आणि भात खाल्ला आणि प्रेसमध्ये परतले.

"गुणाजी, अरे, सोंड उजवीकडे आली."

गुणाजीने कागद बघितला, मूळ चित्र बघितलं, आरशात बघितलं. मग म्हणाला, "मालकांनु, तीस वर्सां उलटाच काढतंय. माका कोणी सांगल्यान नाय सुलटा काढ म्हणान."

यावर नाबरांना खोकला आला.

खरी वाट लागली ती सहदेवची. उजवी सोंड म्हणताच त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"शेट, मेलो. पिवळा चढवला त्या दिवशी मी बोंबील खाऊन आलो होतो. लालला बांगडा. निळ्याला तर मावशीकडे कोंबडी होती. आणि ह्याच हातांनी सगळे कागद लावले."

"आठ रंगांत एकही दिवस उपास नाही?"

"काळ्याला होता. पण त्या दिवशी पोट बिघडलं होतं म्हणून."

नवे पत्रे काढायचे तर पुन्हा महिना. प्रवेशिका शनिवारी द्यायची होती आणि आज गुरुवार होता. नाबरांनी रात्री बायकोला समजावलं. "परीक्षक छपाई बघतात. मूळ चित्रात सोंड कुठे होती, ते त्यांना काय माहीत?"

"त्यांना नसेल," उत्तराबाई पाटाकडे बघत म्हणाल्या. "यांना माहीत आहे ना."

पण ढाल तर हवीच होती. शेवटी तडजोड झाली. चित्र स्पर्धेला जाईल, पण सगळं रीतसर, सोवळ्यात.

शुक्रवारी सकाळी नाबर लिथो वर्क्सचं रूप पालटलं. सहदेव नळावर आंघोळ करून ओल्या पंच्याने मशीनशी उभा राहिला. शंभरातल्या उरलेल्या नव्व्याण्णवांना चौरंग मिळाला. नैवेद्याचा प्रश्न बिकट होता. प्रत्येकाला वेगळा दाखवायचा तर नाबरांना छपाई सोडून मोदकांचंच दुकान काढावं लागलं असतं. भटजींना विचारलं. त्यांनी गठ्ठा बघितला आणि निर्णय दिला, "एकावर एक ठेवलेत ना? मग वरच्याला दाखवा. खालपर्यंत पोचतो."

मग कडा कापायची वेळ आली. चित्राभोवतीचा जादा कागद सुरीने कापून टाकल्याशिवाय ते स्पर्धेला देता येत नसे. सुरी चालवायला कोणीच तयार होईना.

"तुमी कापा, मालकांनु," गुणाजी म्हणाला. "चूक आमची, पण प्रेस तुमचो."

नाबरांनी गार पाण्याने आंघोळ केली, धोतर नेसलं, हात जोडले आणि सुरी ओढली. थंडीने की भीतीने, कोण जाणे, पण सुरी सरकली. खालची कड केसभर तिरकी गेली.

शनिवारी सकाळी भाऊ आपली मोटर घेऊन आले. गंमत बघायला आले होते, हे उघड होतं.

"काढा तुमची पत्रिका," ते म्हणाले.

नाबरांनी चित्र समोर धरलं. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तुम्ही छापलंत?"

नाबरांनी बारा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न हाच. त्यांना वाटलं, आता ढाल नाही मिळाली तरी चालेल. पुढच्याच क्षणी वाटलं, छे, मिळालीच पाहिजे.

भाऊंनी सवयीने अंगठा जिभेला लावला आणि चित्राच्या कोपऱ्याकडे नेला. ओला अंगठा घासून बघायचा, शाई सुटते का, ही मुद्रकाची पहिली परीक्षा.

"भाऊ," उत्तराबाई म्हणाल्या, "सोंड बघ आधी."

अंगठा वाटेतच थांबला. भाऊंनी सोंड बघितली, स्वतःचा ओला अंगठा बघितला आणि तो सावकाश कोटाला पुसला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक फार प्रेमळ हसू उमटलं. सासरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू दिसलं की जावयाने सावध व्हावं. नाबर झाले नाहीत.

"पाठवा, श्यामराव. जरूर पाठवा. माझ्या मोटरीतून नेऊ."

प्रदर्शन फोर्टातल्या एका हॉलमध्ये होतं. संघाचे चिटणीस चंद्रप्रकाश तळपदे हे व्यवस्थित गृहस्थ. त्यांचा नियम असा, की निकाल लागेपर्यंत चित्राखाली छापणाऱ्याचं नाव नाही, नुसता क्रमांक. त्या क्रमाने नाबरांचा गणपती लागला भाऊंच्या चित्राशेजारी. भाऊंनी यंदा पापलेट छापलं होतं. मासळी खात्याच्या पुस्तकासाठीचं चित्र. एकच पापलेट, अंगावर चंदेरी झाक, ताजं, अगदी पाटीतून उचलल्यासारखं.

हॉलचा शिपाई काशीराम हातोडी घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"साहेब, हे जमणार नाय. उजव्या सोंडेच्या देवाला म्हावऱ्याच्या बाजूला मी नाय लावणार."

"अरे, क्रमांक आहेत ते," तळपदे म्हणाले.

"तुमचे क्रमांक आहेत, साहेब. घरी माझी पोरं आहेत."

गणपती समोरच्या भिंतीवर गेला, पूर्वेकडे तोंड करून. त्याच भिंतीवर केसांच्या तेलाचं एक लेबल होतं. त्यातल्या बाईने केस मोकळे सोडले होते म्हणून काशीरामने तेही हलवलं. भिंतीवर गणपती एकटा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली स्टूल आलं. स्टुलावर जास्वंदीचं फूल आलं. दुसऱ्या दिवशी नाबर बघायला गेले तर समई होती आणि तीन हात अलीकडे लोकांनी चपला काढल्या होत्या.

नाबरांना भरून आलं. बाकी कुठल्या चित्रापुढे कोणी चप्पल काढली होती? ही तर निकालाआधीच जिंकल्याची खूण. ते हॉलच्या एका खांबाला टेकून परीक्षकांची वाट बघत राहिले.

परीक्षक तिघे होते: मशीन कंपनीचा एक गोरा साहेब, एक वयोवृद्ध पारशी मुद्रक आणि निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक. ते आधी पापलेटापाशी गेले. साहेबाने भिंग लावलं. पारशी गृहस्थांनी अंगठा ओला करून चांगला खसाखसा घासला. मास्तरांनी नखाने खवला खरवडून बघितला. पापलेट हललं नाही. पारशी गृहस्थांनी तर जाता जाता चित्राचा वासही घेतला आणि समाधानाने मान हलवली.

मग तिघे गणपतीकडे वळले.

साहेबाने बूट काढले. सभ्य माणूस होता. मग त्याने खिशातून भिंग काढलं, तसा काशीराम आडवा आला. भिंगाचं म्यान कातड्याचं होतं.

"चामडं नाय चालणार," काशीराम म्हणाला.

तळपद्यांनी साहेबाला इंग्रजीत काय सांगितलं ते नाबरांना ऐकू आलं नाही, पण साहेबाने हॅट काखेत मारली, पाच पावलं मागे सरला आणि चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा राहिला.

"आपण अंगठा लावून बघता का?" तळपद्यांनी पारशी गृहस्थांना विचारलं.

"अरे बावा, कोईच्या देवला मी थुंकी लावू? या उमरमंदी? माझा घरचा लोक मला घरमंदी घेनार नाय."

"मास्तर, मग आपण तरी..."

मास्तरांनी लांबूनच हात जोडले होते. डोळे मिटूनच ते म्हणाले, "मी सकाळी इराण्याकडे ऑम्लेट खाल्लंय."

नाबर खांब सोडून पुढे धावले. "अहो, लावा ना अंगठा. माझी काही हरकत नाही. पक्की शाई आहे."

तिघांनीही त्यांच्याकडे वळून बघितलं. अशा नजरेने माणूस एकदा बघितला गेला की पुन्हा बोलायला जात नाही. तळपदे हळू आवाजात म्हणाले, "आपण कोण?" आणि लगेच, "सांगू नका, नियम आहे."

गुणपत्रकात शाईचा पक्केपणा, रंगांची जुळणी आणि कागदाचा बाक, या तिन्ही रकान्यांत गणपतीपुढे एकच शेरा पडला: 'तपासता आले नाही.'

निकाल जाहीर व्हायचा दिवस नेमका संकष्टीचा निघाला. आसपासच्या कचेऱ्यांत बातमी गेली होतीच. दुपारची सुट्टी झाली आणि उपाशी कारकून हातात दूर्वा घेऊन जिना चढू लागले. कलामुद्रणाच्या प्रदर्शनाला एवढी गर्दी संघाच्या इतिहासात झाली नव्हती. तळपदे आधी सुखावले, मग त्यांनी पाहिलं की सगळी गर्दी एकाच भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि व्यासपीठ तिच्या पाठीमागे आहे.

ढाल पापलेटाला मिळाली. भाऊंनी ती घेतली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण त्याच वेळी पलीकडे आरती सुरू झाली होती, त्यामुळे त्या टाळ्या नेमक्या कोणासाठी, हे सांगणं कठीण होतं.

भाऊ ढाल काखेत मारून खाली उतरले आणि नाबरांपाशी आले. इकडे तिकडे बघितलं.

"श्यामराव, छपाई तुमचीच चांगली होती."

"मग हे तिथे वर सांगायचंत ना, भाऊ."

"वेडे आहात का?" भाऊ म्हणाले आणि ढाल सांभाळत मोटरीकडे गेले.

नाबर एकटेच उभे राहिले. गेलं ते गेलं, निदान आपलं काम एकदा डोळे भरून जवळून बघावं, मुकुटावरचे ते सोनेरी ठिपके बघावेत, म्हणून ते गर्दीतून वाट काढत पुढे सरकले. निकाल लागल्यावर तळपद्यांनी चित्राखाली छापणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली होती, पण ती दूर्वांच्या ढिगाखाली कुठेतरी गेली होती. ते स्टुलापर्यंत पोचतात तोच काशीरामचा हात आडवा आला.

"बाजूला व्हा, साहेब. रांग तिकडे आहे."

"अरे, मला दर्शन नको. मला नुसतं बघायचंय. हे मी छापलंय."

काशीराम दचकला. त्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, आधी चित्राकडे आणि मग नाबरांकडे बघितलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं बोलू नये, साहेब. पाप लागतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, चला ना पुढे. ऑफिसला जायचंय."

नाबरांनी बूट काढून हातात घेतले आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. शेवट जिन्याच्या खाली होता.